दूध सोडायचंय? आधी त्यातलं काय सोडायचंय ते ठरवा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या काही महिन्यांत दुधाबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं पोटविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि पशुवैद्य यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रांमध्ये एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, तो आधीच सांगतो. कुणाला दुधातली साखर पचत नाही, कुणाला दुधातलं प्रथिन सोसत नाही, तर कुणाला जनावराचं दूध घेणंच पटत नाही. तिघंही "दूध सोडलं" असंच म्हणतात. पण तूप चालेल का, दही चालेल का, गोळ्या लागतील का, यांची उत्तरं तिघांसाठी वेगवेगळी आहेत.

प्रश्न : वय ४२. लहानपणी पेलाभर दूध सहज पचायचं. गेल्या चार-पाच वर्षांत दूध घेतलं की तासा-दोन तासांत पोट गुडगुडतं, फुगतं, कधी पातळ जुलाब होतात. चहानं मात्र काही होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पिशवीचं दूध बंद कर आणि गीर गाईचं 'ए-टू' दूध घे. घेऊ का? (सांगली)

तुमच्या वर्णनावरून हा दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा त्रास वाटतो. लॅक्टोज तोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं. अंगावर पिणाऱ्या बाळात ते भरपूर असतं. पुढे बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होत जातं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश प्रौढांचं असंच होतं, त्यामुळे याला आजार म्हणणंही बरोबर नाही. भारतात वायव्येकडे, पंजाबच्या बाजूला, मोठेपणीही दूध पचवणारे जास्त आढळतात आणि दक्षिणेकडे जावं तसे कमी होतात. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून वायू होतो, पोट फुगतं, आणि ती साखर पाणी ओढून घेते म्हणून जुलाब होतात.

चहानं त्रास का होत नाही, ते आकड्यांवरून कळेल. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ४.८ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हशीच्या दुधात ५ च्या आसपास. चहाच्या कपात दूध ४०-५० मिलिलिटर, म्हणजे लॅक्टोज दोन-सव्वादोन ग्रॅम. २५० मिलिलिटरच्या पेल्यात तेच १२ ग्रॅम होतं. लॅक्टेज कमी असलेली बरीच माणसं एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज जेवणासोबत सोसतात. रिकाम्या पोटी गटागटा प्यायलं तर तेवढंच नडतं, कारण दूध पोटातून झपाट्यानं पुढे सरकतं.

'ए-टू'विषयी. ए-वन आणि ए-टू ही दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाची दोन रूपं आहेत. देशी गाई आणि म्हशी यांच्या दुधात मुख्यतः ए-टू असतं. काही छोट्या चाचण्यांत ए-टू दुधानं पोटाचा त्रास थोडा कमी झाल्याचं दिसलं आहे. पण लॅक्टोज दोन्हींत सारखंच असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वेष्टनांवरचे ए-वन, ए-टू दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली, त्यामुळे बाजारात हे दावे अजूनही दिसतात. तुमचा त्रास लॅक्टोजचा असेल तर दुप्पट दराचं दूध घेऊन फरक पडण्याची आशा आम्ही देणार नाही.

त्याऐवजी असं करा. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम, दुधाची भुकटी घातलेले पदार्थ पूर्ण बंद. चहा कोरा घ्या. त्रास थांबला, तर पंधराव्या दिवसापासून जेवणासोबत ५० मिलिलिटर दूध घ्या, दोन दिवस. मग १००, मग १५०, मग २००, प्रत्येक पायरीला दोन दिवस. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळानं काय झालं, हे वहीत लिहा. ज्या मापाला त्रास सुरू होतो, त्याच्या एक पायरी खाली तुमची मर्यादा. या दिवसांत राजमा, छोले, कच्चा कांदा असं वायू करणारं काही नव्यानं सुरू करू नका, नाही तर दोष विनाकारण दुधावर येतो. दोन आठवडे दूध बंद करूनही त्रास तसाच राहिला, तर कारण दुसरं आहे.

आता पदार्थांकडे या. घरचं आंबट दही बहुतेकांना चालतं. विरजणाचे जिवाणू लॅक्टोजचा पाव हिस्सा ते तिसरा हिस्सा खातात, आणि त्यांचं विकर तुमच्या आतड्यात पोचून उरलेलं तोडायला मदत करतं. म्हणून दही दुपारी न खाता रात्रभर आंबू दिलं तर जास्त सोसतं. कढी उकळली की मात्र ते जिवाणू मरतात. ताक पातळ, त्यामुळे सुरक्षित. पनीर आणि चक्क्यातलं बरंच लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं. तुपात ते जवळजवळ नसतंच. उलट खव्यात ते एकवटतं, शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या पुढे. लिटरभर दूध आटवून अर्धं केलं की बासुंदीच्या वाटीत दुप्पट लॅक्टोज आलं. "दूध पीत नाही, फक्त दोन पेढे खाल्ले" असं सांगणाऱ्यांचं पोट का बिघडतं, ते यावरून लक्षात येईल.

लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, साधारण ३,००० ते ९,००० एककांच्या. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण उरकल्यावर घेतली तर उपयोग नाही. लग्नाच्या पंगतीपुरता हा उपाय ठीक आहे.

वजन उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय यांपैकी काहीही असेल तर हा घरगुती प्रयोग करत बसू नका. आधी तपासणी करा.

प्रश्न : डॉक्टरांनी श्वासाची चाचणी सांगितली आहे. त्यात काय करतात? (पुणे)

रात्रभर उपाशी राहून, सकाळी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात. मग दर अर्ध्या तासानं, दोन-तीन तास, फुंकर एका यंत्रात घेतात. आतड्यात आंबवण सुरू झालं की हायड्रोजन वायू रक्तातून श्वासात येतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तो दशलक्षात २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. चाचणी चुकण्याची नेहमीची कारणं अशी : आधीच्या चार आठवड्यांत प्रतिजैविकं घेतलेली असणं, आदल्या रात्री डाळी-कडधान्यं खाणं, चाचणीच्या सकाळी सिगारेट ओढणं. आदल्या दिवशी रात्री साधा भात खाऊन जा. आणखी एक लक्षात घ्या. यंत्रानं 'पचत नाही' म्हटलं आणि तुम्हाला त्या वेळी काहीच त्रास झाला नाही, तर दूध सोडायची गरज नाही.

जुलाबांच्या साथीनंतर काही आठवडे, विशेषतः लहान मुलांत, लॅक्टेज तात्पुरतं कमी होतं. आतड्याचं अस्तर भरून आलं की ते परत येतं. अशा वेळी जन्मभरासाठी दूध बंद करू नका.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं. नाचणीच्या खिरीत दोन चमचे गाईचं दूध घातलं, तर दहा मिनिटांत तोंडाभोवती लाल गांधी उठल्या आणि दोन उलट्या झाल्या. सासूबाई म्हणतात शेळीचं दूध देऊन बघू. (नाशिक)

शेळीचं दूध देऊ नका. हा दुधातल्या प्रथिनाचा ॲलर्जीचा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीन किंवा निवळीतल्या प्रथिनांवर उलटते. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. 'लॅक्टोजमुक्त' दूधही उपयोगाचं नाही, कारण त्यातून साखर तोडलेली असते, प्रथिन तसंच असतं.

बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. त्वचेवरची सुईची चाचणी किंवा रक्तातली तपासणी ते ठरवतील. तोवर दूध, दही, पनीर, लोणी सगळं बंद. तूपही बंद, कारण त्यात प्रथिनाचा अंश उरू शकतो. लॅक्टोजवाल्यांना तूप चालतं आणि ॲलर्जीवाल्या बाळाला नाही, हा फरक घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. बिस्किटं, पाव, तयार बाळखाद्य घेताना वेष्टनावर दुधाची भुकटी, व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा. नाचणी पाण्यात किंवा तुमच्या काढलेल्या दुधात शिजवा. अंगावर पाजणं चालू ठेवा. तुमच्या दुधानं बाळाला काही होत नसेल तर तुम्ही स्वतः दूध सोडायचं कारण नाही.

पुढच्या वेळी चुकून दूध गेलं आणि श्वास घरघरू लागला, ओठ-जीभ सुजली, बाळ गळून गेलं किंवा उलट्या थांबेनात, तर वाट न बघता जवळच्या रुग्णालयात जा. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात, तेच जीव वाचवतं. बहुसंख्य मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत जाते. ती गेली का, हे मात्र घरी चाखवून बघायचं नसतं. ती तपासणी रुग्णालयातच होते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. गाई-म्हशींच्या हालांमुळे मी दूध आणि दुधाचं सगळं सोडायचं ठरवलंय. आम्ही शाकाहारी. आजी म्हणते हाडं ठिसूळ होतील, आणि गाईला आपण आईसारखं वागवतो, त्यात हाल कसले. खरं काय? (कोल्हापूर)

आजीची हाडांची काळजी बिनबुडाची नाही आणि तुझं कारणही उथळ नाही. दोन्हींबद्दल नीट सांगतो.

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू राहायचं तर दर वेताला ती गाभण राहावी लागते. गाय साधारण २८० दिवस गाभण असते, म्हैस ३१० च्या आसपास. म्हणजे दुधाबरोबर दर वेताला एक वासरू येतंच. कालवड किंवा पारडी असेल तर ती पुढची दुभती. नर वासराचं काय, हा या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, संकरित गाईचा गोऱ्हा औताला फारसा चालत नाही, आणि रेडकाला तर त्याहून कमी मागणी. मग त्याच्या वाटचं दूध कमी होतं, हेळसांड होते, काही महिन्यांत ते दगावतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे भाकड आणि नर जनावरं पोसायची कुणी, हा खर्चाचा प्रश्न गोठ्यावरच उरतो आणि काही जनावरं रस्त्यावर सोडली जातात. छोट्या गोठ्यात वासरू आधी पाजतात, पान्हा फुटला की धार काढतात आणि शेवटी पुन्हा वासराला सोडतात. मोठ्या गोठ्यांत वासरू पहिल्या दिवसापासून वेगळं बांधण्याची पद्धत आहे. म्हणजे आजीनं लहानपणी पाहिलेला गोठा खरा आहे, आणि तू म्हणतेस ते हालही खरे आहेत. आजची पिशवी यांपैकी कुठल्या गोठ्यातून आली, ते पिशवीवरून कळत नाही.

आता शरीराचं. सगळ्यात आधी बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळतं, तेही बेताचंच. एका पेल्यात साधारण १ मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन-अडीच. दूध सोडलं की हा झरा बंद. शरीरातल्या साठ्यावर काही वर्षं निघतात, म्हणून "मला काहीच झालं नाही" असं पहिल्या वर्षी सगळेच सांगतात. नंतर जीभ सोलवटते, पायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं. मज्जातंतूंची इजा फार लांबली तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही. इडली, आंबील, समुद्री शेवाळ, स्पिरुलिना यांच्यावर भिस्त ठेवू नकोस. शेवाळातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरता न येणारं असतं.

म्हणून सोडण्याआधी रक्तातलं बी-१२ तपास. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडून उपचार. ठीक असेल तर रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅमची गोळी, कायमची. एकदम जास्त घेतलं तर शोषलं थोडंच जातं, म्हणून आठवड्याची मात्रा एवढी मोठी दिसते. नुसती फोलिक ॲसिडची गोळी घेऊ नकोस. तिनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

कॅल्शियमला पर्याय भरपूर आहेत. रोज १,००० मिलिग्रॅम हवं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे साठ ग्रॅमच्या भाकरीत दोनशे. पीठ न चाळलेलं घे. नाचणी गाळून सत्त्व काढलं की कॅल्शियमचा बराच भाग टरफलाबरोबर चोथ्यात जातो. मोड आणून दळली तर शोषण सुधारतं. शेवग्याचा पाला आणि मेथी यांत शंभर ग्रॅमला तीनशेच्या जवळपास. कुळीथ तीस ग्रॅम म्हणजे ऐंशी. अनपॉलिश्ड तिळाचा मोठा चमचा सव्वाशे, मात्र त्यातलं ऑक्झॅलेट बरंच अडवून धरतं. भाजून कुटून घे, अख्खे तीळ तसेच बाहेर पडतात. पालकाचा हिशेब धरूच नकोस, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अगदी थोडं शोषलं जातं. कॅल्शियम सल्फेटनं गोठवलेलं टोफू चांगलं. दोन नाचणीच्या भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कुळथाचं पिठलं आणि तिळाची चटणी असं ताट आठवड्यातून चार-पाच दिवस जमलं, तर आजीच्या हाडांच्या प्रश्नाचं उत्तर ताटातच आहे. उरलेलं गोळीतून घ्यायचं तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत.

ड जीवनसत्त्वासाठी दुधावर तसंही कुणी फार अवलंबून नव्हतं. ते तपासून घे. मीठ आयोडीनयुक्तच वापर, कारण दुधातून थोडं आयोडीनही मिळत होतं. पुढे कधी गरोदरपण आलं तर बी-१२ एक दिवसही चुकवू नकोस. आईला कमतरता असेल तर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ खुंटते, ते मलूल होतं, त्याचे हातपाय थरथरतात. आपल्या देशात अशी बाळं रुग्णालयात येतात, आणि हे पूर्णपणे टाळता येतं.

प्रश्न : आमच्या सहा संकरित गाई आहेत. शहरातली माणसं दूध सोडतात ते औषधं आणि इंजेक्शनांच्या भीतीनं. आमच्या बाजूनं काय करावं? (संगमनेर)

भीतीमागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान्हा सोडवण्यासाठी दिलं जाणारं ऑक्सिटोसिन हे पिणाऱ्याच्या पोटात प्रथिनासारखं पचून जातं. त्याचं नुकसान गाईला होतं. रोज टोचलं की त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. जनावराला अपाय करून दूध वाढवण्यासाठी कुठलाही पदार्थ टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. वासरू दगावलेल्या गाईला आंबोण पुढ्यात ठेवून, कोमट पाण्यानं कास पुसून, रोज त्याच वेळी त्याच माणसानं धार काढली, तर बहुतेक गाई काही दिवसांत रुळतात.

प्रतिजैविकांची भीती मात्र पिणाऱ्यासाठीही खरी आहे. दगडी (कासेला सूज) झाली, सडात औषध सोडलं, की वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्या गाईचं चारही सडांचं दूध बाजूला काढा. ज्या सडात औषध सोडलं तेवढंच वेगळं काढणं पुरत नाही, औषध रक्तातून बाकीच्या सडांतही येतं. पशुखाद्याला बुरशी लागू देऊ नका. शेंगदाण्याच्या आणि सरकीच्या पेंडीवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. पेंड जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा. आणि वासराला पहिल्या दोन तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजा, नर असला तरी. ज्यांना जनावरांच्या हालांमुळे दूध सोडावंसं वाटतं, त्यांच्या मनातला प्रश्न त्या नर वासराचाच आहे.

प्रश्न : भेसळीच्या बातम्या वाचून दूध बंद करावंसं वाटतं. (मुंबई)

एफएसएसएआयनं २०१८ साली देशभर ६,४३२ नमुने तपासले. त्यांत युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी थेट भेसळ १२ नमुन्यांत सापडली. मर्यादेपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत होतं. म्हणजे बातम्यांतल्या रासायनिक दुधापेक्षा वर सांगितलेल्या बुरशी लागलेल्या पेंडीची काळजी मोठी.

घरच्या चाचण्या सोप्या आहेत. पाच मिलिलिटर दूध, तेवढंच पाणी, बाटलीत घालून जोरात हलवा. दाट, टिकणारा फेस आला तर डिटर्जंट. दूध थोडं पाणी घालून उकळा, थंड होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पिष्ट (स्टार्च). गरम असतानाच आयोडीन टाकलं तर रंग दिसत नाही, ही नेहमीची चूक. चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ मिसळून पाच मिनिटं ठेवा, त्यात तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. तो निळा झाला तर युरिया. अफ्लाटॉक्सिन घरी कळत नाही.

प्रश्न : दुधानं कफ होतो म्हणून सर्दीत मुलांना बंद करतो. बरोबर? (सातारा)

दुधानं कफ जास्त तयार होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दूध लाळेत मिसळून घशाला दाटसर थर लागल्यासारखं वाटतं, तोच कफ वाटतो. मुलाला नको असेल तर देऊ नका, हवं असेल तर कोमट द्या.

प्रश्न : तीन वर्षांचा नातू दिवसाला लिटरभर दूध पितो, जेवतच नाही. पांढरा पडलाय. (लातूर)

आजी, इथे दूध कमी करायलाच हवं. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि त्यानं पोट भरतं, म्हणून बाकीचं अन्न जात नाही. आधी हिमोग्लोबिन तपासा. ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, मग डॉक्टर लोहाचं औषध देतील. या वयाला दिवसाला ४०० मिलिलिटर, फार तर अर्धा लिटर पुरे. एकदम तोडू नका. दर तीन दिवसांनी १०० मिलिलिटर कमी करा. बाटली बंद करून पेला द्या, नुसत्या त्या बदलानंच मूल कमी पितं. दूध जेवणानंतर, आधी नको. रात्री झोपेतलं दूध पहिलं बंद करा, दातही त्यानंच किडतात. पहिला आठवडा तो रडेल, जेवणारही नाही. त्या आठवड्यात घरातल्या कुणीही गुपचूप बाटली देऊ नये, एवढं सांभाळलं की बहुतेक मुलं वरणभातावर येतात.

प्रश्न : घरी सोयादूध केलं तर उग्र वास येतो, चहात घातलं की फाटतं. त्यापेक्षा नारळाचं दूध बरं ना? (रत्नागिरी)

नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिन आणि कॅल्शियम नावापुरतं. सोलकढी, आमटी, खीर त्यात जरूर करा. मुलांच्या पेल्यात दुधाच्या जागी मात्र ते धरू नका. बदामाच्या दुधाचंही तेच. प्रथिनात गाईच्या दुधाच्या जवळ जातं ते सोयाबीनच.

वास येतो कारण सोयाबीन गार पाण्यात वाटलं जातं. दाणा फुटला की त्यातलं एक विकर तेलावर काम करू लागतं आणि कच्चट वास सुटतो. ते विकर उष्णतेनं मरतं. म्हणून १०० ग्रॅम सोयाबीन पाव चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात आठ-दहा तास भिजवा. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाही तर आंबतं. चोळून सालं काढा. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, पाणी फेका, आणि लगेच गरम पाणी घेऊन वाटा. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका, वाफेनं झाकण उडतं. एकूण पाणी ८०० मिलिलिटर. मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या.

मग उकळणं. पहिला फेस भसकन वर येतो, तेव्हा ते उकळलेलं नसतं. तिथेच उतरवलं तर प्रथिन पचू न देणारा घटक तसाच राहतो आणि पोट दुखतं. आच मंद करून, बुडाला लागू न देता, पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. चोथ्याचं थालीपीठ उत्तम होतं. या दुधात कॅल्शियम फार कमी आणि बी-१२ शून्य, हे विसरू नका.

चहा फाटतो तो आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्यानं. आलं, गवती चहा, पूड, साखर पाण्यात उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. सोयादूध वेगळं कोमट करून त्यात ओता, पुन्हा उकळू नका. फ्रिजमधलं गार दूध उकळत्या चहात ओतलं की हमखास फाटतं. गुळाचा चहा तर साध्या दुधाचाही फाटतो. गूळ घालायचाच असेल तर कपात, सगळ्यात शेवटी.

विकतचं घेताना वेष्टनाच्या मागे बघा : १०० मिलिलिटरला प्रथिन ३ ग्रॅम, कॅल्शियम १२० मिलिग्रॅम, बी-१२ घातलेलं, साखर न घातलेली. पुठ्ठ्याचा डबा ओतण्याआधी जोरात हलवा, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि डब्याबरोबर कचऱ्यात जातं.

प्रश्न : गांधीजींनी दूध सोडलं होतं असं म्हणतात, मग शेळीचं दूध कसं घेत? (ठाणे)

दोन्ही खरं आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र हर्मन कालेनबाख यांनी दूध सोडलं. दुधानं विकार चाळवतात असं त्यांचं मत होतं. शिवाय कलकत्त्यात गाई-म्हशींचे दुधासाठी किती हाल होतात, ते त्यांच्या वाचनात आलं होतं. गाईच्या योनीत फुंकर घालून दूध काढण्याची 'फुका' ही पद्धत त्यांतलीच. वर सांगितलेल्या १९६० च्या कायद्यात तिचा नावानं उल्लेख आहे. १९१८ मध्ये आमांशानं ते मरणाच्या दारी पोचले. डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय अंग भरणार नाही असं सांगितलं, आणि व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं घ्या, असं कस्तुरबांनी सुचवलं. ते त्यांनी मानलं. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही खंत त्यांनी पुढे स्वतःच लिहिली. आज शेळीचं दूध 'पचायला हलकं' म्हणून घेणाऱ्यांसाठी एवढंच : लॅक्टोज त्यातही गाईच्या दुधाच्या जवळपासच असतं.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी दुधाच्या चहाबरोबर घेते. आता सोयादूध सुरू केलंय, मग चालेल ना? (अमरावती)

नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्या आणि चहाला, मग तो दुधाचा असो वा सोयाचा, अर्धा ते एक तास थांबा. सोयाही ही गोळी शोषू देत नाही. सोयाचा मोठा पेला, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सोया नव्यानं रोज सुरू केलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करा, कदाचित मात्रा बदलावी लागेल.